वाचाघात : शब्द हरवलेल्या माणसाशी संवाद

पक्षाघाताचा झटका आला की घरातील सर्वांचे लक्ष प्रथम रुग्णाच्या हातापायांकडे जाते. हात उचलता येतो का, पाऊल टाकता येते का, याची विचारपूस भेटीस येणारा प्रत्येक जण करतो. व्यायाम सुरू होतो, तेल-मालीश सुरू होते, कोणी गावाकडच्या वैद्याचा पत्ता देतो. बोलणे गेले असेल तर "येईल हळूहळू" असे म्हणून तो विषय मागे ठेवला जातो आणि कित्येक घरांत तो मागेच राहतो. वर्ष-दोन वर्षांनी माणूस काठी टेकत दारापर्यंत येऊ लागतो. परंतु त्याच्याशी बोलणे घरातल्यांनी केव्हाच सोडून दिलेले असते.

या मागे राहिलेल्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मेंदूला झालेल्या इजेमुळे भाषा हरपणे याला वैद्यकशास्त्रात 'अफेझिया' आणि मराठीत 'वाचाघात' म्हणतात. पक्षाघात झालेल्या साधारणतः दर तीन रुग्णांपैकी एकाला तो होतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील आज ज्या वयात आहेत, त्या वयात हा आजार कोणत्याही घरात येऊ शकतो. त्यामुळे हा विषय केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही.

एका घरातील अनुभव

माझे मामा तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार होते. सातारा जिल्ह्यातून तरुणपणी मुंबईला आलेले. आधी मशीद बंदर, आणि बाजार नवी मुंबईत हलल्यावर तुर्भे, असे आयुष्यभर त्यांनी गोणी वाहिल्या. घर कोपरखैरण्याच्या वसाहतीत. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि बोलणे 'तेच' या एका शब्दावर येऊन थांबले. पाणी हवे असले तरी 'तेच', राग आला तरी 'तेच', मला पाहून आनंद झाला तरी 'तेच'. स्वर मात्र प्रत्येक वेळी वेगळा असे.

त्या काळातील दोन प्रसंग सांगतो. पहिला बुद्धपौर्णिमेचा. वसाहतीतील विहारात वंदना सुरू झाली आणि खुर्चीवर बसविलेले मामा सर्वांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हणू लागले. उच्चार थोडे जड होते, पण शब्द एकामागून एक नीट येत होते. सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र घरी परतल्यावर ते पुन्हा 'तेच' एवढेच म्हणाले, तेव्हा आनंदाची जागा संशयाने घेतली. "वंदना म्हणता येते, मग पाणी मागता येत नाही? हट्ट करतात झाले," असे घरातच बोलले जाऊ लागले.

दुसरा प्रसंग त्यानंतर काही महिन्यांचा. गावच्या जमिनीच्या वाटणीच्या कागदावर त्यांचा अंगठा हवा होता. कागद समोर ठेवला गेला, डावा अंगठा शाईला लावला गेला. पण कागदात काय लिहिले आहे हे कोणीही त्यांना सांगितले नाही. मामांनी हात ओढून घेतला आणि शाईची डबी भिंतीवर भिरकावली. "डोक्यावर परिणाम झालाय," असे सर्वांचे मत पडले. त्या सर्वांत मीही होतो. त्यांचा अंगठा धरणारा हात माझाच होता.

या दोन्ही प्रसंगांचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. पुढे वाचा-उपचारतज्ज्ञांशी झालेल्या भेटींतून आणि वाचनातून जे समजले ते येथे मांडत आहे.

वाचाघात म्हणजे काय

इ.स. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने लबोर्न नावाचा एक रुग्ण तपासला. तो अनेक वर्षे 'तां' एवढाच ध्वनी उच्चारू शकत असे; मात्र विचारलेले त्याला बहुतांशी समजत असे आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरेही देई. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केली असता डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने निराळ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. ते भराभर बोलत, पण त्या बोलण्यातून अर्थ लागत नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट समजत नसे. त्यांची इजा डाव्या मेंदूच्या कानशिलाकडील भागात होती.

बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूचा डावा अर्धा भाग करतो आणि शरीराच्या उजव्या बाजूवर नियंत्रणही तोच ठेवतो. म्हणून उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णांत वाणी गेल्याचे अधिक आढळते. वाचाघात झालेल्या कोणाला शब्द सापडत नाहीत, कोणाला 'चहा' म्हणायचे असता 'ताट' असा शब्द येतो, कोणाचे वाक्य तुटून "काल… बाजार… पोरगा" एवढेच उरते. बहुधा वाचणे आणि लिहिणेही कमी-अधिक बिघडते. एखाद्याच्या 'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल होते.

येथे तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. वाचाघात म्हणजे जीभ जड होणे नव्हे. जीभ आणि ओठ यांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होतात, तो वेगळा दोष आहे. त्यात शब्द आणि वाक्य मनात शाबूत असतात. वाचाघात म्हणजे बहिरेपणा नव्हे. म्हणून अशा माणसाच्या कानाशी ओरडून काही साधत नाही. आणि वाचाघात म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. माणसांची ओळख, नात्यांची जाण, मानापमान, घरातील व्यवहाराची समज हे सर्व बहुधा कायम असते. वेर्निकेने वर्णिलेल्या प्रकारात तर माणूस अर्थहीन बोलत राहिल्यामुळे लोक त्याला सरळ वेडा ठरवितात. त्याच्यावर होणारा हा फार मोठा अन्याय आहे.

स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली पक्षाघात झाला. उजवे अंग दुबळे झाले आणि बोलणे जवळजवळ गेले. तरीही १९९६ मध्ये त्यांचा नवा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले आणि २०११ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक रुग्णाकडून अशी अपेक्षा करता येणार नाही. परंतु बोलणे गेले म्हणजे आतील माणूसही गेला असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

वंदना येते, पाणी का मागता येत नाही

मामांच्या वंदनेचे कोडे शास्त्राला जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकातच जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने दाखवून दिले होते की, वाचाघात झालेला माणूस स्वतःचे नवे वाक्य रचू शकत नाही, पण पाठ असलेले, सवयीचे शब्द त्याच्या तोंडून येऊ शकतात. एक ते दहा अंक, वारांची नावे, लहानपणापासून म्हटलेली वंदना वा गाणे, रागाच्या भरात येणारी शिवी, ही सर्व 'आपोआप वाणी' होय. ती रचावी लागत नाही. एकदा सुरू झाली की एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. तिच्यात मेंदूच्या उजव्या भागाचाही वाटा असावा असे मानले जाते. 'मला पाणी द्या' हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने जुळवावे लागणारे वाक्य आहे, आणि ते जुळविणारी यंत्रणाच तुटलेली असते.

याचा उपचारात उपयोगही होतो. १९७३ साली बॉस्टन येथील संशोधकांनी सूर आणि ताल यांच्या आधारे लहान वाक्ये म्हणवून घेण्याची पद्धती मांडली. रुग्ण डाव्या हाताने ताल धरतो, उपचारतज्ज्ञासह वाक्य गुणगुणतो आणि हळूहळू सूर कमी करीत साध्या बोलण्याकडे येतो. सर्वांनाच गुण येतो असे नाही. समज चांगली असून बोलणे अडलेल्यांना ती अधिक उपयोगी पडते. तात्पर्य, मामांचे पाठांतर हा त्यांच्या हट्टाचा पुरावा नव्हता.

साधने आणि संशोधन

बोलता न येणाऱ्यास संवाद साधता यावा म्हणून चित्रे, खुणा, फलक, वही, संगणक वा मोबाइल यांचा आधार देण्याच्या शास्त्राला 'पूरक आणि पर्यायी संवाद' म्हणतात. याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग. गालाच्या स्नायूच्या हालचालीने ते पडद्यावरील अक्षरे आणि शब्द निवडीत आणि यंत्र ते उच्चारी. परंतु हॉकिंग यांचा आजार स्नायूंचा ताबा हिरावणारा होता. त्यांची भाषा शाबूत होती. वाचाघातात शब्दच हाती लागत नाहीत. म्हणून अक्षरांचा फलक वा टंकन करण्याचे यंत्र अशा रुग्णापुढे ठेवून बहुधा काही लाभ होत नाही. या क्षेत्रातील संशोधनाला निराळी वाट धरावी लागली ती यामुळे.

१९७६ साली हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र वाचाघात असलेल्या रुग्णांना शब्दांऐवजी चिन्हांची कार्डे देऊन पाहिले. माणूस, वस्तू आणि क्रिया यांची कार्डे क्रमाने मांडून काही रुग्ण साध्या आज्ञा समजू लागले आणि साधी वाक्ये रचू लागले. पुढच्या दशकात रिचर्ड स्टील आणि मायकेल वाइनरिक यांनी हीच कल्पना संगणकावर आणली आणि त्यातूनच रुग्णांसाठीचे बोलके यंत्र बाजारात आले. शब्दांपलीकडे विचार शिल्लक असतो हे या प्रयोगांनी सिद्ध केले. पण त्यांनी एक मर्यादाही दाखविली. उपचारकक्षात उत्तम जमणारी गोष्ट रुग्ण घरी आपणहून फारशी वापरीत नसे.

अलीकडचा एक मोठा अभ्यास याच मर्यादेवर बोट ठेवतो. ब्रिटनमधील 'बिग कॅक्टस' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात २७८ रुग्ण सहभागी होते. एका गटाने सहा महिने घरच्या घरी संगणकावर, स्वतःसाठी निवडलेल्या १०० शब्दांचा सराव केला. ते शब्द आठवण्यात त्यांची स्पष्ट प्रगती झाली. पक्षाघाताला वर्षे लोटलेल्या रुग्णांचाही त्यात समावेश होता. परंतु रोजच्या संभाषणात मात्र त्याचा लाभ दिसून आला नाही. शब्द परत मिळाले तरी संवाद आपोआप परत येत नाही, हा त्याचा अर्थ.

मग संवाद कशाने वाढतो? या प्रश्नाचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले उत्तर कॅनडातील टोरांटो येथून आले. ऑरा केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वाचाघात झालेल्या ४० जणांना ४० स्वयंसेवकांशी बोलावयास बसविले. प्रशिक्षण रुग्णांना दिलेच नाही. ते निम्म्या स्वयंसेवकांना दिले. समोरच्याची समज मान्य कशी करावी, प्रश्न कसा मांडावा, कागदावर शब्द आणि चित्रे काढून पर्याय कसे द्यावेत, थांबावे किती, आणि आपल्याला समजले ते बरोबर आहे का हे पुन्हा कसे विचारावे, एवढेच त्यांना शिकविले गेले. परिणाम असा की, प्रशिक्षित स्वयंसेवकांशी बोलताना रुग्णांचा संवादही सुधारला. आजार तोच, मेंदू तोच, रुग्णाला काहीही शिकविले नाही. समोरचा माणूस शिकला आणि रुग्ण अधिक 'बोलू' लागला.

सम्यक वाचेचा पाठ आपण बालपणी शिकलो. कसे बोलावे हे तो सांगतो. या प्रयोगाने मला तितकाच आवश्यक असलेला दुसरा पाठ दिला: ज्याला बोलता येत नाही त्याचे कसे ऐकावे, हा.

आपली भाषा आणि ही साधने

आपल्याकडेही या दिशेने काम झाले आहे. चेन्नईचे अजित नारायणन यांनी बोलता न येणाऱ्या मुलांसाठी 'आवाज' हे साधन तयार केले. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात 'जेलो' हे चित्रांवर आधारित अॅप विकसित झाले. ते मराठीतही उपलब्ध आहे. खाणे, माणसे, ठिकाणे, मदत अशा विभागांतून चित्र निवडायचे आणि 'आवडते', 'हवे', 'नको' अशा अर्थाचे बटण दाबायचे, की यंत्र पूर्ण वाक्य उच्चारते. ही साधने मुख्यतः मुलांना डोळ्यांपुढे ठेवून घडविली गेली आहेत. त्यामुळे साठीतल्या माथाडी कामगारासाठी त्यांतील शब्द आणि चित्रे निवडून घ्यावी लागतात, स्वतःची भरही घालावी लागते.

मराठीचे व्याकरणही येथे आपला हक्क सांगते. इंग्रजीत तीन चित्रे ओळीने ठेवली की कसेबसे वाक्य होते. मराठीत 'मी', 'पाणी', 'हवे' ही चित्रे जोडली तर 'मी पाणी हवे' असे विचित्र वाक्य तयार होते; आपण म्हणतो 'मला पाणी हवे'. भूक, थंडी, राग, दुखणे या रुग्णाच्या सर्वांत निकडीच्या गोष्टी मराठीत 'मला'नेच सुरू होतात. 'मी भाकरी खातो' याचे भूतकाळात 'मी भाकरी खाल्ली' होते, आणि आंबा असेल तर 'खाल्ला'. बोलणारी स्त्री असेल तर 'खातो'चे 'खाते' होते. शिवाय मान राखण्याचा प्रश्न आहे. आईला 'तू ये' म्हणायचे आणि सासऱ्यांना 'तुम्ही या'. यंत्राने सरसकट 'तू' म्हटले तर वडीलधाऱ्या माणसाला ते यंत्र वापरणे अपमानाचे वाटेल. म्हणून सुट्या शब्दांपेक्षा आपल्या घरात बोलली जाणारी पूर्ण वाक्ये यंत्रात भरणे मराठी कुटुंबासाठी अधिक सोयीचे ठरते.

नवी मुंबईत आणखी एक पैलू आहे. येथील मूळ गावांत आगरी आणि कोळी बोली बोलल्या जातात; वसाहतींत साताऱ्याची, खानदेशाची, विदर्भाची मराठी ऐकू येते; बाजारात हिंदी आणि नातवंडांच्या तोंडी इंग्रजी. अनेक भाषा येणाऱ्या माणसाची कोणती भाषा आधी परतेल? फ्रान्समधील थेओद्यूल रिबो यांचे मत होते की बालपणी शिकलेली भाषा आधी येते; अल्बेर पित्र यांनी १८९५ साली असे मांडले की आजारापूर्वी अधिक वापरात असलेली भाषा आधी परतते. पुढील निरीक्षणांनुसार बहुतेकांच्या भाषा साधारण बरोबरीनेच सुधारतात. कुटुंबाने यातून एवढेच घ्यावे: तपासणीच्या वेळी घरात कोणती बोली बोलली जाते हे आवर्जून सांगावे. "बोअर हवं का" अशा घरगुती चुका सुधारत बसण्यापेक्षा आणि रुग्णाशी एकाएकी पुस्तकी मराठी बोलण्यापेक्षा त्याच्या अंगवळणी पडलेली बोलीच वापरावी.

संवादवही : घरी करता येईल असे साधन

महागड्या यंत्राआधी एक साधी वही करावी. दोनशे पानी वही, घरचे फोटो, कात्री आणि डिंक एवढे साहित्य पुरते. आमच्या अनुभवातून तिची रचना पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. पहिल्या पानावर 'हो', 'नाही' आणि 'यात नाही, दुसरेच काही' ही तीन मोठी चिन्हे असावीत. तिसरे चिन्ह विसरू नये. ते नसेल तर आपण दिलेल्या पर्यायांतच रुग्ण अडकून पडतो.

२. माणसांच्या पानावर प्रत्येकाचा खरा फोटो आणि खाली रुग्ण त्याला हाक मारी ते नाव लिहावे. दूरच्या आणि दिवंगत नातलगांचेही फोटो ठेवावेत. माणूस त्यांच्याविषयीही बोलू इच्छितो.

३. शरीराची आकृती आणि दुखण्याची तीव्रता दाखविणारे चेहरे एका पानावर असावेत. डॉक्टरांकडे जाताना ते फार उपयोगी पडते.

४. दिनदर्शिका, घड्याळ, नोटा आणि नाणी, गावाचा आणि वस्तीचा साधा नकाशा ठेवावा. 'केव्हा', 'किती' आणि 'कुठे' यांची उत्तरे त्यातून मिळतात.

५. खाणेपिणे आणि औषधे यांवर वही संपवू नये. बाजार, शेती, क्रिकेट, निवडणूक, विहार, जुने सोबती, ज्याच्यात जन्म गेला त्याची पाने असलीच पाहिजेत. माणूस केवळ पाणी मागण्यासाठी बोलत नसतो.

६. एका पानावर आरंभी सहापेक्षा अधिक चित्रे नकोत. चित्राखाली ठळक अक्षरांत शब्द लिहावा. काहींना वाचलेला शब्द ओळखता येतो.

वही तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. बोलताना दूरदर्शन संच बंद करावा, समोर बसावे, वाक्ये लहान ठेवावीत. आवाज चढवू नये आणि लहान मुलाशी बोलावे तसेही बोलू नये. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. आधी व्यापक आणि मग नेमका: "घराविषयी आहे का? गावाविषयी? माणसाविषयी? कालचे की आजचे?" प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. शेवटी आपल्याला समजले ते सांगून खात्री करून घ्यावी. समजले नसेल तर समजल्याचे नाटक करू नये, "तुम्हाला ठाऊक आहे, मलाच अजून कळले नाही, पुन्हा प्रयत्न करू," असे सांगावे. "म्हणा बघू, पाणी" अशी पाहुण्यांसमोर परीक्षा तर कधीच घेऊ नये. रुग्ण शब्दाशी झगडत असेल आणि त्याची इच्छा असेल तर 'पा…' असा पहिला ध्वनी द्यावा. कित्येकदा पुढचा शब्द येतो.

कायदा आणि मदत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. हे अनेक कुटुंबांना माहीतच नसते. प्रमाणपत्र केवळ लुळ्या हातापायाचे काढले जाते. त्याच कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा व आर्थिक व्यवहार करण्याचा अधिकार आहे. म्हणजे चित्रावर बोट ठेवून दिलेला होकार वा नकार हाही माणसाचा शब्दच होय.

मदतीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचा विभाग आणि त्याचे शिक्षण देणारे विद्यालय आहे. उपचार लवकर सुरू व्हावेत. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. मात्र वर्ष उलटले म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही.

आणि एक सूचना सर्वांसाठी. अचानक बोलणे अडखळणे, भलतेच शब्द येणे किंवा साधे वाक्य न समजणे हेच पक्षाघाताचे पहिले लक्षण असू शकते. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. "झोपून उठल्यावर बरे वाटेल" असे म्हणून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूचे स्कॅन होईल अशा रुग्णालयात जावे.

उपसंहार

मामांची वही तयार झाल्यावर सुमारे दोन महिन्यांनी एका रविवारी त्यांनी आपणहून माणसांचे पान उघडले आणि माझ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, फोटोवर बोट ठेवले. मग गावाचे पान काढून शेतावर बोट ठेवले. मग 'नाही'. मी प्रश्न विचारीत गेलो. "आई गावाला जाणार नाही?" नाही. "शेत विकायचे नाही?" 'दुसरेच काही.' वीस-पंचवीस मिनिटे गेली. अखेर मी विचारले, "त्या वाटणीच्या कागदात आईचे नाव नाही, असे म्हणायचे आहे का?" मामांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि 'तेच' म्हणाले. त्या दिवशी तो शब्द अगदी योग्य जागी पडला होता.

बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेणे त्यांना मान्य नव्हते. शाईची डबी फेकली ती त्यासाठी. ज्याला आम्ही डोक्यावरचा परिणाम म्हणालो, ते त्या घरातील त्या दिवसाचे सर्वांत शहाणे मत होते, आणि ते ऐकण्याची पद्धत आमच्यापाशी नव्हती. वाटणी पुढे थांबली, बोलणी नव्याने झाली. या वेळी मामा वही घेऊन बैठकीत बसले.

मामा आजही चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाहीत. वही मात्र चौथी आहे. वसाहतीतील जुने सोबती संध्याकाळी येतात, बाजाराचे पान उघडतात आणि कांद्याच्या भावावरून मामांशी वाद घालतात.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज नवी मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक वसाहतीत आहेत. आपल्या आसपास असे एखादे घर असेल, जेथे एक माणूस खिडकीशी गप्प बसलेला असतो आणि त्याच्या वतीने सगळे इतरच बोलतात. त्या घरी अर्धा तास काढून जावे. एक वही, एक पेन आणि थांबण्याची तयारी सोबत न्यावी. प्रश्न घरच्यांना न विचारता त्या माणसालाच विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी.